तारेचं दुसरं टोक

आमच्या घरमालकांना भाडेकरू नको होता, तारेचं दुसरं टोक धरायला माणूस हवं होतं. हे मला खोलीत सामान लावून झाल्यावर कळलं.

मुरुमच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन म्हणून माझी नेमणूक झाली होती. नळदुर्गहून रोज जाऊन-येऊन करता येईल, असं घरी सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं, पण जळकोटपाशी बंद पडलेल्या एसटीत बसून हायवेवरचे ट्रक बघण्यात पहिला आठवडा गेला, तेव्हा माझं मत बदललं. धाकट्या भावाला घेऊन मी खोली शोधायला निघाले. दोन घरांत खोली रिकामी होती, आमचं आडनाव ऐकल्यावर ती जागच्या जागी भरली. तिसरं घर अप्पांचं.

अप्पा आडत बाजारातले जुने आडते. दुकान पुतण्याच्या हवाली करून घरी बसले होते, असं लोक सांगायचे. मी त्यांना बसलेलं फार कमी पाहिलं. दार उघडलं तेव्हा त्यांच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते आणि डोक्यापासून पायापर्यंत कसलासा पांढरा चुरा. भस्म कुठं संपतंय आणि चुरा कुठं सुरू होतोय ते कळेना. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. काम काय करता, एवढंच विचारलं. लोकांचं रक्त काढते म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. लहान लेकराची शीर सापडते का, म्हणाले. सापडते म्हटलं. मग आत जाऊन काठोकाठ भरलेलं फुलपात्र आणलं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि अंगणातल्या लिंबापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मी मुकाट्यानं गेले आणि आले. का गेले, ते आजही सांगता येत नाही. पाणी सांडलं नाही आणि वरची खोली मिळाली. गल्लीत आल्यावर भाऊ हळूच म्हणाला, "आपा, ये बुढ्ढा सरका हुआ है."

सरकलेले होतेच. अप्पा रिमोटवर उडणारी विमानं बनवायचे. खरं तर विमानं नाही, पंख बनवायचे. विमानाच्या बाकी भागांत त्यांना रस नव्हता. धड म्हणजे नुसता सामान ठेवायचा डबा, मोटार बाजारात मिळते, शेपूट कुणीही लावतं, उडतो तो पंख, असं त्यांचं म्हणणं. हा नाद मुलाचा. इंजिनिअरिंगला असताना त्यानं कॉलेजच्या स्पर्धेसाठी एक विमान केलं, ते सुट्टीत घरी आणलं आणि नोकरी लागल्यावर माळ्यावर टाकून पुण्याला गेला. अप्पांनी ते माळ्यावरून काढलं. पुढचं सगळं ते मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले, तेही आवाज बंद करून. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं त्यात बोलत असायची. अप्पा म्हणायचे, हात बघायचे, तोंडाचं काय काम.

थर्माकोल ते विकत घेत नसत. लग्नसराई आली की मुरुमात कुणाच्या लेकीला फ्रिज दिला, कुणाला टीव्ही दिला, याची बित्तंबातमी त्यांच्याकडं असायची. आहेर घेऊन जायचे, जेवून यायचे आणि येताना फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल काखेत मारून आणायचे. नवरी कशी आहे विचारलं तर सांगता यायचं नाही. कुठल्या कंपनीचा फ्रिज होता आणि त्याच्या थर्माकोलचा दाणा किती बारीक होता, हे मात्र चहा संपेपर्यंत ऐकावं लागायचं. बाजारात गेले की वांगं, मिरची, काही हातात आलं की आडवं धरून बघायचे. पुढं गोल, मागं निमुळतं, असं असलं की खूश. भाजीवाल्या त्यांची चेष्टा करायच्या, हे उडंल का अप्पा, म्हणायच्या. ते मनापासून विचार करून उत्तर द्यायचे.

आता तारेचं सांगते. थर्माकोलचा लांब ठोकळा टेबलावर ठेवायचा. त्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या आकाराचे सनमायकाचे साचे खिळ्यांनी टोचायचे. धडाकडचा साचा मोठा, टोकाकडचा लहान. शेगडीची कॉइल उलगडून सरळ केलेली तार बांबूच्या कमानीला ताणून बांधलेली. तिच्यात ट्रान्सफॉर्मरमधून करंट सोडला की ती तापते आणि साबणातून दोरा जावा तशी थर्माकोलमधून जाते. अप्पा मोठ्या साच्याकडं, मी लहान साच्याकडं; कमानीची दोन टोकं दोघांच्या हातांत. साच्यांवरून तार सरकवत दोघांनी बरोबर पलीकडं पोचायचं. आता एकाची वाट लांब, दुसऱ्याची आखूड, मग बरोबर पोचायचं कसं? त्यासाठी दोन्ही साच्यांवर दहा-दहा खुणा. अप्पा आकडा म्हणणार, त्या क्षणी माझी तार माझ्या त्या खुणेवर पाहिजे. जरा पुढं गेली की पंख पिळला, जरा रेंगाळली की तिथं थर्माकोल वितळून खोबण पडली. वाऱ्याची झुळूक लागली तरी तार गार पडते, म्हणून खिडक्या बंद आणि छताचा पंखा बंद. विमानाच्या पंखासाठी घरातला पंखा बंद, यात काही विनोद आहे हे अप्पांना कधी पटलं नाही.

आकडे कानडीत. घरात त्यांची भाषा कानडीच, दाराबाहेर मराठी. मला कानडीचा गंध नव्हता, पण मोजणी पाठ झाली. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, सात, एंटु, ओंबत्तु, हत्तु. अम्मी एकदा राहायला आली होती. खालच्या खोलीत दार लावून आम्ही दोघं एका सुरात काय म्हणतोय ते तिला कळेना. "क्या पढते तुम दोनों?" तिनं मला बाजूला घेऊन विचारलं. अप्पा नादी आहेत, देवाधर्माचं काही नाही, हे पटवायला मला तिला टेबलापाशी उभं करून एक तुकडा कापून दाखवावा लागला. तो तुकडा ती नळदुर्गला घेऊन गेली आणि सुया टोचायला ठेवला.

मी पहिले कित्येक महिने नुसते तुकडेच कापत होते. रविवार सकाळ अप्पांची. माझ्या हातून ठोकळ्यामागून ठोकळे वाया गेले, पण त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मॅडम, आपण परत करू, म्हणायचे. मला त्या सभ्यपणाचा राग यायचा. रागवावं माणसानं, म्हणजे आपलंही काही बोलता येतं. एवढा सराव कशासाठी, हे मला ठाऊक होतं. मागच्या खोलीत छताच्या कडीला जुन्या लुगड्यात गुंडाळून एक पंख टांगलेला होता. एकच, उजवा. लांब, बारीक, अप्पांनी आजवर केलेल्यांत सगळ्यात मोठा. तो काकींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दुसरं टोक धरून कापलेला शेवटचा पंख. डावा व्हायच्या आत त्या गेल्या. अप्पांना तो डावा करायचा होता आणि काकींचा पंख हवेत न्यायचा होता. पुतण्याला बसवून बघितलं, तो पोती ओढल्यासारखी तार ओढायचा. शेजारचे गुरुजी मध्येच बोलायचे. मग त्यांनी भाडेकरू ठेवायचं ठरवलं.

त्या साताची भानगड मला बाजारात कळली. लिंबं घेताना मी टोपलीवालीसमोर ऐटीत कानडीत मोजलं. आरुपर्यंत ती कौतुकानं बघत होती. सातला फिसकन हसली. म्हणाली, सात आमच्यात कुठं असतंय, एळु म्हणा. बाकी नऊ आकडे कानडी आणि मधलाच एक मराठी, हे मला कधी खटकलं कसं नाही, याचंच नवल वाटलं. घरी येऊन अप्पांना विचारलं. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं आणि कमानीची तार घट्ट करायला घेतली, जी चांगली घट्ट होती.

उत्तर मिळालं ते लाईट गेल्यावर. डाव्या पंखाचा खरा ठोकळा त्या दिवशी टेबलावर चढवला होता. ओंदु, एरडु, मूरु झालं, नाल्कु म्हटलं आणि लाईट गेली. तार ठोकळ्याच्या पोटात गार होऊन अडकली. कमान सोडावी तर तिच्या वजनानं तार वाकणार, ओढावी तर पंख फाटणार. अप्पा म्हणाले, हलू नका. मग आम्ही दोघं कमानीची दोन टोकं धरून, बंद खिडक्यांच्या अंधाऱ्या खोलीत, घामानं निथळत समोरासमोर बसून राहिलो. अशा वेळी माणूस एक तर भांडतं नाही तर बोलतं. अप्पा बोलायला लागले.

त्यांचा आणि काकींचा पहिला पंख. काकी टोकाकडं जमिनीवर बसलेल्या, तेव्हा टेबल नव्हतं. अप्पा मोजत होते. आरु झालं, एळु म्हणाले आणि काकी कमान हातात घेऊन उठून उभ्या राहिल्या. तार पंख फाडून वर आली. अप्पा ओरडले, तर काकी म्हणाल्या, तुम्हीच एळु म्हणालात. कानडीत एळु म्हणजे सात, आणि एळु म्हणजे ऊठ.

"लगीन झाल्यापासनं रोज सकाळी एळु म्हणूनच उठवलं बगा तिला," अप्पा म्हणाले. "मग उठली. तिची काय चूक?"

त्या दिवसापासून मोजणीत सात मराठी झाला. पण काकींचा विश्वास काही बसला नाही. आरु झालं की त्यांचा हात क्षणभर थबकायचा. आता हा माणूस सात म्हणतोय की सवयीनं एळु म्हणून आपल्याला उठवतोय, याची त्या वाट बघायच्या. तेवढ्यात तार तिथंच तापत राहायची आणि सहाव्या खुणेवर खोबण पडायची. प्रत्येक पंखाला, त्याच जागी. अप्पा त्या खोबणीत लांबी, म्हणजे सुतार लाकडाच्या फटीत भरतात ती पुट्टी, भरायचे, घासून सपाट करायचे आणि भरता भरता बायकोला कानडीत रागवायचे. त्या म्हणायच्या, तुमचा भरवसा न्हाय. हे इतकी वर्षं चाललं.

सांगता सांगता ते हसत होते. मला वाटलं संपलं.

"उजवा कापला त्याच आठवड्यात गेली ती. झोपेत," ते म्हणाले. "सकाळी म्या एळु म्हणलो. लई बारी म्हणलो."

हातातली कमान सोडून मला त्यांच्याजवळ जाताही येत नव्हतं. बऱ्याच वेळानं लाईट आली. तार तापल्याचा तो बारीक वास आला आणि अप्पा नेहमीच्या आवाजात म्हणाले, ऐदु.

आज अप्पा नाहीत. मागच्या उन्हाळ्यात पुण्याला मुलाकडं गेले होते, तिथंच गेले. माझी त्याआधीच धाराशिवला बदली झाली. इथल्या माझ्या फ्लॅटचे मालक मला महिन्यातून एकदा फोन करतात आणि पाणी नीट येतंय का विचारतात. फार चांगले आहेत. पण शेजारी कुणाकडं फ्रिज आला की मी जिन्यात थांबते, खोक्यातला थर्माकोल दोन बोटांत दाबून दाणा बघते आणि मग तो कुणाला द्यावा हे न कळून तिथंच ठेवते. इतकी आठवण येते त्या माणसाची की कधी कधी मला स्वतःचाच राग येतो. नात्याचे ना गोत्याचे.

त्या दिवशी लाईट आल्यावर डावा पंख निघाला तो सुरेख निघाला. नाल्कुच्या जागची खोबण अप्पांनी लांबी भरून मिटवली, बाकी आरशासारखा. मला वाटलं, आता झालं. अप्पांनी लुगडं सोडून उजवा काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि अंगठा फिरवत सहाव्या खुणेपाशी थांबले. काकींच्या पंखाला तिथं खोबण होती, भरायची राहून गेलेली. माझ्या पंखाला नव्हती. एका पंखाला खोबण आणि दुसऱ्याला नाही म्हणजे विमान एका अंगाला झुकणार, एवढं आता मलाही कळत होतं.

मी म्हटलं, उजव्यात लांबी भरा, नेहमीसारखी. सोपा उपाय होता. अप्पांनी मान हलवली.

"जन्मभर म्याच भरली. आता न्हाय भरत," ते म्हणाले. "तुम्ही थांबा. आरुला थांबा."

म्हणजे इतके महिने मी जी चूक टाळायला शिकले, ती आता मुद्दाम करायची. आणि कशीही नाही, काकींसारखी. जास्त थांबलं तर खोबण खोल, कमी थांबलं तर नुसता ओरखडा. किती थांबायचं, हे मी विचारलं. अप्पांनी डोकं खाजवलं. ते म्हणाले, भरवसा ठेवू का नको, असं मनात यायला जितका वेळ लागतंय, तितका. हे काय माप झालं? मी चिडले. तरी दर रविवारी तेच करत राहिले. आरु म्हणून ते थांबायचे, मी त्यांच्या तोंडाकडं बघायचे, ते सात म्हणायचे, मी निघायचे. हळूहळू मला काकी कळायला लागल्या. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी त्या नवऱ्याकडं कशा बघत असतील ते कळलं. त्यांचा खरोखर अविश्वास नव्हता. वर्षानुवर्षं त्या हा खेळ खेळत होत्या आणि अप्पा रागवून रागवून त्यात भाग घेत होते.

एका रविवारी खोबण जुळली. अप्पांनी डोळे मिटून दोन्हींवरून अंगठा फिरवला आणि कुठला कुणाचा ते त्यांना सांगता आलं नाही. पोटात बांबूची कामटी घालून दोन्ही पंख जोडले, वर खाकी चिकटपट्टी लावली. तूर निघाल्यावर मोकळ्या झालेल्या पुतण्याच्या रानात आम्ही ते विमान नेलं. मी धरलं, अप्पांनी रिमोटवर मोटार सुरू केली आणि मी वाऱ्याच्या तोंडाला सोडलं. ते जरा खाली गेलं, मग उचललं गेलं आणि सरळ गेलं. ना डावीकडं झुकलं, ना उजवीकडं. अप्पांनी वर गेल्यावर मोटार बंद केली. आवाज थांबला आणि ते नुसतं पंखांवर तरंगत राहिलं, बांधावरच्या बाभळींच्या वर, मोठ्या मोठ्या घेऱ्यात. अप्पांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात रिमोटवर असल्यामुळं त्यांना ते पुसता येत नव्हतं. मीही पुसलं नाही. दोघंही वर बघत होतो.

त्यानंतर त्यांनी ते विमान पुष्कळदा उडवलं. पण खोलीतलं टेबल रिकामं राहिलं. रविवारी सकाळी मी खाली जायचे, चहा प्यायचे, परत वर यायचे. मला वाटलं त्यांचं काम झालं, आता तारेला हात लावणार नाहीत. खरं सांगते, मला वाईट वाटत होतं. मग एक दिवस तेच वर आले, दारातच उभं राहून म्हणाले, नवा पंख काढू या. या खेपेला तुमच्या हातानं ओढा, मॅडम, मोकळ्या हातानं. कुणासारखं न्हाय.

मी हात धुऊन खाली गेले. खिडक्या बंद, पंखा बंद. ठोकळा चांगला होता, कुणाच्या तरी लग्नातला. ओंदु म्हटलं आणि आम्ही निघालो. इतकी सहज तार मी कधी ओढली नव्हती. एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु. आरु म्हटलं आणि माझा हात थांबला. मी थांबवला नाही, आपोआप थांबला; माझी नजरही त्यांच्या तोंडाकडं गेली. अप्पांनी मात्र आज थांबायचं नाही असं धरलं होतं. ते सात म्हणून पुढं निघून गेले, माझं टोक मागं राहिलं, तार तिरकी झाली आणि पंख पिळला.

अप्पांनी करंट बंद केला. पिळलेल्या जागेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि रागवायला लागले. आवाज चढवून, हात नाचवून, कानडीत. मॅडम नाही, तुम्ही नाही, एक शब्द मराठी नाही. मला त्या भाषेतलं दहापर्यंतचं मोजणं सोडून काही येत नाही, हे ते साफ विसरले होते. मी आठवण करून दिली नाही. मान खाली घालून, कमानीचं माझं टोक दोन्ही हातांनी धरून, त्यांचं बोलणं संपेपर्यंत सगळं ऐकून घेतलं.